खोट्या बंदुका

परवा आमच्या वस्तीत पथनाट्य झालं. 'उठा, लढा' म्हणत पोरं शेवटच्या एस्टीनं गेली. वस्ती तिथंच. गावही तिथंच.

मला ब्राझीलचा ऑगुस्तो बोआल आठवला. त्याच्या नटांनी शेतकऱ्यांपुढं बंदुका उगारून रक्त सांडायची भाषा केली. विर्जिलिओ हा शेतकरी त्यांना खरंच लढायला बोलावू लागला. तेव्हा कळलं, बंदुका खोट्या! बोआल शरमला. पुढं १९७३ साली पेरूच्या साक्षरता मोहिमेत त्यानं प्रेक्षकालाच पुढं घेतलं : नाटक थांबव, दबलेल्याच्या जागी उभा राहा, तूच करून दाखव.

आपले आंबेडकरी जलसेकार वस्तीतलेच. बोललेलं त्यांनाच भोगावं लागे. म्हणून म्हणतो, उपदेश पुरे. पाणवठ्याचा प्रसंग आपल्या म्हातारीलाच करू द्या. उद्या ती खरंच पाणवठ्यावर गेली तर तिच्यासंगं कोण जाणार, ते मात्र नाटकाआधी ठरवा.