दिवा नव्हता, याची नोंद कुठे करायची?

अपघात-अहवाल कसे लिहिले जातात यावर माझं संशोधन चालू आहे हे तुम्हाला आता पाठ झालं असेल. नुसतं सिद्धांताबद्दल बोलण्यापेक्षा आज एक आख्खा अहवालच घेऊन बसूया. तैवानच्या एव्हिएशन सेफ्टी कौन्सिलनं एप्रिल २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला, सिंगापूर एअरलाइन्सच्या ००६ क्रमांकाच्या उड्डाणाचा. अहवाल मेहनतीनं केलेला आहे, वाचनीय आहे (हो, असे अहवाल वाचनीय असू शकतात!). पण त्यातल्या निष्कर्षांची वाटणी मला पटत नाही.

आधी घटना. ३१ ऑक्टोबर २००० ची रात्र, तैपेईचा चांग कै-शेक विमानतळ, म्हणजे आताचा ताओयुआन. टायफून जवळ येत होतं, धो धो पाऊस, सोसाट्याचा वारा. बोइंग ७४७ लॉस एंजेलिसला निघालेलं, आत १७९ माणसं, त्यातले तिघे वैमानिक कॉकपिटमध्ये. त्यांना उडायचं होतं '०५ डावी' या धावपट्टीवरून. तिला समांतर, सुमारे दोनशे मीटर अलीकडे, '०५ उजवी' होती. तिच्या मधल्या भागात बांधकाम चालू होतं, म्हणून उड्डाणासाठी ती बंद. टॅक्सीवेवरून वळायचं, आधी उजवीचं टोक ओलांडायचं, तसंच सरळ जायचं आणि मग डावीवर वळायचं. एवढाच मार्ग. विमान सायकलच्या वेगानं आलं आणि उजवीवरच वळलं. थोड्या वेळात त्यानं उड्डाणासाठी वेग घेतला. पुढे अंधारात काँक्रीटचे अडथळे आणि खोदकामाची यंत्रं उभी होती. ८३ माणसं गेली.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. उजवी बंद आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. त्याची रीतसर सूचना, ज्याला नोटॅम म्हणतात, त्यांना मिळालेली होती. म्हणजे बंद पट्टीवर जायचा धोका त्यांनी पत्करला असं काही नव्हतं. आपण डावीवरच आहोत, असंच त्यांना वाटत होतं.

अहवालाचे निष्कर्ष तीन गटांत आहेत. पहिला 'संभाव्य कारणांशी संबंधित'. ज्या गोष्टींचा अपघातात हात होता हे दाखवता येतं, किंवा जवळपास नक्की म्हणता येतं, त्या इथे. दुसरा 'जोखमीशी संबंधित'. म्हणजे ज्या धोकादायक तर होत्या, पण या अपघातात त्यांचा हात होताच असं स्पष्ट दाखवता येत नाही. तिसरा 'इतर', तो आज सोडून देऊ.

पहिल्या गटातली वाक्यं वाचत गेलात तर क्रियापदं एका सुरात येतात. वैमानिकांनी टॅक्सीचा मार्ग पुरेसा तपासला नाही. नकाशे जवळ होते, पण ते पाहून मार्गाची खात्री कुणी केली नाही. कॅप्टन वळला तेव्हा उरलेल्या दोघांनी हटकलं नाही. ही सगळी 'न केलेली' कामं आहेत.

दुसऱ्या गटातही नकारच आहेत, फक्त ते जमिनीवरचे. बंद पट्टीच्या तोंडाशी ती बंद असल्याची पुरेशी ताकीद नव्हती. धावपट्टीत शिरण्याआधी वैमानिकाला थांबवणारे लाल स्टॉप-बार दिवे नव्हते. डावीकडे सरळ नेणाऱ्या वाटेवर आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे हिरवे मध्यरेषा-दिवे १६ हवे होते, होते ४. टॉवरमधून विमान दिसत नव्हतं आणि जमिनीवरची विमानं दाखवणारा रडार विमानतळाकडे नव्हता.

आपल्याकडे रस्ता खणला तर बोर्ड असेल-नसेल, पण खड्ड्यात झाडाची फांदी तरी खोचून ठेवतात. इथे पट्टीच्या तोंडाशी तेवढंही नव्हतं.

माझा आक्षेप आहे तो इथे. वैमानिकानं नकाशा पाहिला नाही, हाही अभाव आणि बारा दिवे बसवले नाहीत, हाही अभावच. नकाशा पाहिला असता तर चूक टळली असती, हे जितकं खात्रीनं म्हणता येतं तितकंच, दिवे असते तर टळली असती, हे म्हणता येतं. दोन्ही 'असतं तर'चीच वाक्यं आहेत. मग एक कारणाच्या खात्यात आणि दुसरं जोखमीच्या खात्यात का? अहवाल दोन्हींना एकच कसोटी लावल्याचं सांगतो, पण माणसाच्या न करण्याला ती सैल लावतो आणि विमानतळाच्या न करण्याला घट्ट.

कौन्सिलची बाजूही ऐकूया. त्या चार दिव्यांपैकी एक बंद आणि एक मंद असल्याचं अपघातानंतरच्या तपासणीत आढळलं. त्या रात्री ते तसेच होते का, हे सिद्ध करता आलं नाही. एवढ्यापुरती कौन्सिलची सावधगिरी मला मान्य आहे. पण उरलेले बारा त्या रात्रीही नव्हतेच! त्याला कुठला पुरावा हवा?

गंमत म्हणजे दिवे कारणांच्या गटात शिरलेत, पण मागच्या दारानं. उजवीकडे वळणारे हिरवे दिवे ठळक होते, ते कॅप्टनच्या अपेक्षेशी जुळले आणि त्याचं बहुतेक लक्ष त्यांच्यावर गेलं, अशा अर्थाचा एक निष्कर्ष तिथे आहे. माझ्या मते हा अख्ख्या अहवालातला सगळ्यात चांगला निष्कर्ष. पण त्यातही दिवे ठळक 'असतात' आणि कॅप्टन त्यांच्यामागे 'जातो'. सरळ वाट फिकी कुणी ठेवली, हे कळायला पन्नास पानं उलटावी लागतात.

याचा अर्थ वैमानिक धुतल्या तांदळासारखे होते, असं मी म्हणत नाहीये. उजवीचे मध्यरेषा-दिवे हिरवे होते, डावीवर ते पांढरे असतात. उजवी अरुंद होती, ४५ मीटर, डावी ६०. सगळ्यात बोलका इशारा कॉकपिटमध्येच होता. पीव्हीडी नावाचं एक उपकरण विमान ठरलेल्या पट्टीच्या रेषेत आलं की उघडतं. ते उघडलं नाही. वैमानिकांच्या ते लक्षात आलं, त्यावर दोन शब्द बोलणंही झालं, पण पट्टी डोळ्यांना दिसतेय म्हणून विषय सोडून दिला. तेवढ्या दृश्यमानतेत ते उपकरण वापरायची सक्ती नव्हती हे खरं. तरी तिथे थांबायला हवं होतं. मात्र 'उड्डाणाआधी ही पट्टी तीच आहे ना, याची खात्री करा' अशी स्वतंत्र पायरी कंपनीच्या कार्यपद्धतीतच नव्हती. आणि बघा, हा मुद्दाही अहवालात जोखमीच्याच गटात पडलाय.

सिंगापूरच्या वाहतूक मंत्रालयानं हीच वाटणी नाकारली. एकूण व्यवस्थाच फसली होती आणि अहवालानं विमानतळाच्या त्रुटींना कमी वजन दिलं, असं त्यांचं म्हणणं. ते मला बरंचसं पटतं, पण मीठ लावूनच घ्यावं लागतं, कारण विमानकंपनीची बहुतांश मालकी सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक कंपनीकडे. उलट, विमानतळ तैवान सरकारचा आणि कौन्सिलही तिथलंच. दोन्ही बाजूंची वाक्यं वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

ही वाटणी वेगळी होऊ शकते का? होते. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटं सेसना जेट चुकीच्या टॅक्सीवेवरून चालू धावपट्टीवर आलं आणि उड्डाण घेणाऱ्या एसएएसच्या विमानाशी त्याची टक्कर झाली. ११८ माणसं गेली. तिथेही जमिनीवरचा रडार चालू नव्हता. रस्त्यावर रंगवलेल्या काही खुणा नकाशातच नव्हत्या. इटलीच्या तपास संस्थेनंही तात्कालिक कारण सेसनाचं धावपट्टीवर येणं हेच दिलं. पण वैमानिकांची चूक ज्या परिस्थितीत घडली तिच्या तुलनेतच ती तोलली पाहिजे, हे निष्कर्षाच्या गाभ्यातच लिहिलं.

'हा शब्दांचा कीस आहे, काय फरक पडतो?' असं तुम्ही म्हणाल. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, म्हणजे ॲनेक्स १३ प्रमाणे, असा तपास दोष ठरवण्यासाठी नसतोच, पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो. पण बातमीत पहिला गटच येतो. ००६ च्या वैमानिकांना काही आठवडे तैवान सोडता आलं नाही, आणि २००२ मध्ये तिघांपैकी दोघांची नोकरी गेली. बारा दिवे न बसवण्याबद्दल कुणाचं नाव वाचल्याचं तुम्हाला आठवतंय?

अहवाल इंग्रजीत नेटवर मिळतो. वाचलात तर एक करा: निष्कर्षांचा दुसरा गट आधी वाचा, मग पहिला. प्रत्येक 'नाही'पुढे कर्ता कोण आहे ते पेन्सिलीनं लिहीत जा, आणि जिथे कर्ताच सापडत नाही ती वाक्यं मला कमेंटमध्ये कळवा.