‘लव्ह’ आणि ‘चॅरिटी’

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आपण विवाहाच्या मिस्सेत अनेकदा ऐकतो. मराठी बायबलात तेथे ‘प्रीती’ हा शब्द रूढ झाला आहे. इंग्रजीत मात्र त्या जागी ‘लव्ह’ असावा की ‘चॅरिटी’, यावर मोठा वाद झाला.

मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘कारितास’ आला. त्याच्या मुळाशी ‘कारुस’, म्हणजे प्रिय, मोलाचा. ‘चॅरिटी’ हे त्याचेच अपत्य. १५२६ साली विल्यम टिंडेल यांनी आपल्या भाषांतरात ‘लव्ह’ योजला, तेव्हा संत थॉमस मोर यांनी कडाडून आक्षेप घेतला. ‘लव्ह’ हा शब्द भल्याबुऱ्या सर्वच आसक्तींना लागू पडतो. ‘चॅरिटी’ फक्त पवित्र प्रेमाला, असा त्यांचा मुद्दा होता. १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने, ते प्रॉटेस्टंटांचे असूनही, या अध्यायात ‘चॅरिटी’च पत्करला.

मोर यांचा आक्षेप त्यांच्या काळी रास्त होता, असे आम्हांस वाटते. परंतु शब्दांचे अर्थ स्थिर राहत नाहीत. ‘चॅरिटी’ आकसत आकसत दानधर्मापुरता उरला. सर्वस्व दान करूनही माणूस ‘चॅरिटी’वाचून रिता राहू शकतो, हे पौलाचे सांगणे मग कोडेच ठरते! म्हणून १८८१ च्या सुधारित नव्या कराराने आणि पुढे १९६६ च्या कॅथलिक जेरुसलेम बायबलनेही ‘लव्ह’ स्वीकारला. तरीही ‘चॅरिटी’ला पूर्ण रजा मिळालेली नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या २००५ च्या परिपत्राच्या इंग्रजी आरंभी ‘लव्ह’ आहे, तर २००९ च्या परिपत्राच्या आरंभी ‘चॅरिटी’. लॅटिनमध्ये मात्र दोन्हीकडे ‘कारितास’च.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. उपवासकाळात दानाचे पाकीट भरले की आपले कर्तव्य संपले, असे मानणारे आम्हीही ‘चॅरिटी’च्या आकसलेल्या अर्थातच जगत असतो. पाकीट घेणारा आपल्याला ‘कारुस’ वाटतो काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

आपली ‘प्रीती’ या संकोचातून वाचली. पण तिला दुसरे भय आहे. लग्नाच्या वेदीपाशीच ऐकल्यामुळे ती वधूवरांपुरती उरू पाहते. पौलाने मात्र हा अध्याय नवदांपत्यासाठी लिहिला नव्हता. तटातटांत विभागलेल्या, प्रभुभोजनाच्या वेळीही गरिबांना उपाशी ठेवणाऱ्या एका ख्रिस्ती मंडळीला तो लिहिला होता. आपल्या धर्मग्रामाच्या सभेत, मतभेद विकोपाला गेले असतानाही, तो एकदा वाचून पाहावा.