दुर्बोध सी-लेखनाची पाठचिकित्सा

सी भाषेत हेतुतः दुर्बोध लिहिलेल्या प्रोग्रॅमांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा लँडन कर्ट नॉल आणि लॅरी बॅसेल यांनी १९८४ साली सुरू केली. युनिक्सच्या बोर्न शेल या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर वाचताना आलेल्या वैतागातून जन्मलेल्या या उपक्रमाला आता स्वतःचे संकेत, स्वतःचे अभिजात ग्रंथ आणि स्वतःची रसिकमंडळी लाभलेली असल्यामुळे त्याला एका कलेचा दर्जा देण्यास प्रत्यवाय नसावा. बंधने स्वखुशीने पत्करून त्यांतूनच सौंदर्य निर्माण करण्याची ही वृत्ती, ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचणाऱ्या मोरोपंतांच्या वाचकाला परकी वाटणार नाही. परंतु मोरोपंतांची रचना कोणत्याही कंठातून निघाली तरी तीच राहते. सी-मधील कूटरचनेचा अर्थ मात्र अर्धा तिच्या मजकुरात आणि अर्धा तो मजकूर वाचणाऱ्या कंपायलरात व यंत्रात वसत असतो. म्हणूनच ती आपल्या जन्मयंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेली असता तिचे काय होते, हा या कलेच्या समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न होय.

पहिल्याच वर्षी श्योर्ड मुलेंडर आणि रॉबर्ट व्हान रेनेस यांनी सादर केलेली कृती या प्रश्नाचे मूर्तिमंत उदाहरण आहे. तीत ‘मेन’ हे फंक्शन नसून निव्वळ आकड्यांची एक रांग आहे, आणि ते आकडे म्हणजे थेट यंत्रभाषेतील हुकूम आहेत. ही रांग पीडीपी-११ आणि व्हॅक्स या दोन्ही यंत्रांवर चालावी अशी तजवीज कर्त्यांनी केली होती. रांगेतील पहिला आकडा २७७. तो पीडीपी-११ ला पुढच्या ठिकाणी उडी घेण्याची आज्ञा वाटतो, तर व्हॅक्सला तोच आकडा कोणती रजिस्टरे जपून ठेवावीत याची यादी वाटतो, आणि अशा रीतीने एकाच अंकावरून दोन यंत्रांच्या वाटा वेगळ्या होतात. तिसऱ्या यंत्रावर ही रचना कंपाइल झाली तरी तिचे आकडे निरर्थक ठरतात. शिवाय आजच्या प्रणाली डेटाच्या जागेतील मजकूर हुकूम म्हणून चालवूच देत नाहीत. यंत्राचे इतके सूक्ष्म ज्ञान इतक्या थोड्या जागेत साठवणारी दुसरी कृती मला ठाऊक नाही, आणि तिची मर्यादा हेच तिचे सामर्थ्य आहे.

१९८७ साली डेव्हिड कॉर्न यांची एका ओळीची रचना विजयी झाली. तीत ‘युनिक्स’ हे नाव कोठेही घोषित केलेले नाही. युनिक्सवरील कंपायलर त्या नावाच्या जागी आपण होऊन एक ही संख्या धरीत असत, एवढ्या एका शिरस्त्यावर ती उभी आहे, आणि काटेकोर प्रमाण सी-चा आग्रह धरणारा कंपायलर तिला दारातूनच परत पाठवितो. ब्रायन वेस्टली यांची १९८८ ची कृती याहून मार्मिक. अधोरेखांनी व आडव्या रेघांनी काढलेले वर्तुळ स्वतःचेच क्षेत्रफळ मोजून ३.१४१ हे उत्तर देते. परंतु हे घडते ते जुन्या प्रीप्रोसेसरात, जेथे शेजारी आलेली दोन वजाचिन्हे एकमेकांना चिकटून एक चिन्ह बनत. १९८९ च्या प्रमाणीकरणाने ती वेगळी ठेवावयाचे ठरविले, आणि तेव्हापासून तेच वर्तुळ ०.२५० असे उत्तर देऊ लागले. अक्षर एकही बदलले नाही, तरी अर्थ बदलला. आणि कंपायलरने तक्रारीचा शब्दही काढला नाही.

इतर कृतींचे दुखणे याहून सामान्य असले तरी तितकेच घातक असते. इंटिजर आणि पॉइंटर एकाच मापाचे असतात हे व्हॅक्सच्या काळातील गृहीतक चौसष्ट बिटांच्या यंत्रावर कोसळते. अवतरणातील मजकूर बदलता येतो हा जुना समज आज प्रोग्रॅमला जागीच थांबवितो. आणि ‘मेन’ला वाटेल त्या प्रकारचे पॅरामीटर देऊन त्याला स्वतःकडूनच पुनःपुन्हा बोलावणारी इयान फिलिप्स यांची १९८८ ची प्रसिद्ध रचना क्लँग हा कंपायलर मूळ रूपात स्वीकारीत नाही.

इंदूरच्या पोलोग्राउंड भागात बसून हा विषय लिहिताना आपल्याकडील अनुभवाचा हिशेब टाळता येत नाही. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ने ज्या पिढ्यांना ही भाषा शिकविली, त्यांपैकी बहुतेकांचे पहिले यंत्र म्हणजे डॉसवरील बोर्लंडचा टर्बो सी, ज्याचा इंटिजर सोळा बिटांचा असून ३२७६७ नंतर उणे ३२७६८ वर येतो. एकाच वाक्यात एकाच चलाला दोनदा वाढवून ‘उत्तर काय येईल’ असे विचारणारे प्रश्न परीक्षांत व मुलाखतींत वर्षानुवर्षे विचारले गेले. वास्तविक अशा वाक्याला प्रमाण सी कोणताच अर्थ देत नाही, आणि अपेक्षिलेले उत्तर हे एका विशिष्ट कंपायलरचे वर्तन असते. दुर्बोध लेखन वाचण्याची हौस आपल्यात भरपूर होती, परंतु एका यंत्राची सवय हाच भाषेचा कायदा असे मानल्यामुळे तिचे रूपांतर कलेच्या जाणिवेत झाले नाही.

आज या कलेची निर्मितीची बाजू समृद्ध आहे. फाब्रिस बेलार यांनी २००१ च्या कृतीत चक्क एक लहान कंपायलरच बसविला व त्यातून पुढे टीसीसी हा उपयुक्त कंपायलर विकसित झाला. २०१८ साली ख्रिस्तोफर मिल्स यांच्या कृतीने पीडीपी मालिकेतील यंत्रांचेच अनुकरण करून त्यांवर जुने युनिक्स चालवून दाखविले. जतनाचे कामही थोर आहे: कोडी बून फर्ग्युसन यांनी शेकडो जुन्या रचना आजच्या कंपायलरांवर चालतील अशा दुरुस्त केल्या, आणि मूळ पाठ वेगळ्या फाइलीत सुरक्षित ठेवण्याचा दंडक स्पर्धेच्या दप्तराने पाळला. तथापि दुरुस्त पाठ चालतो म्हणून मूळ कृती समजली, असे मानणे धोक्याचे आहे. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकृत पाठाच्या खाली नाकारलेले पाठभेदही हस्तलिखितांच्या नावानिशी छापले; त्या तळटीपांवाचून संपादकाचा निर्णय तपासता आला नसता. कूटरचनेच्या बाबतीत कंपायलर हेच हस्तलिखिताच्या जागी आहेत, आणि प्रत्येकाची साक्ष नोंदविली गेली पाहिजे.

हे काम आता साधनांअभावी अडत नाही. बॉब सुपनिक यांचे सिमएच हे सॉफ्टवेअर पीडीपी-११ व व्हॅक्स यांचा व्यवहार साध्या संगणकावर हुबेहूब वठविते, आणि २००२ साली कॅल्डेरा कंपनीने प्राचीन युनिक्सच्या आवृत्त्या मुक्त परवान्याखाली खुल्या केल्या आहेत. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर टर्बो सी चालविण्यासाठी आपल्या प्रयोगशाळांनी डॉसबॉक्स पत्करलाच होता. म्हणजे अनुकरणयंत्राची सवय आपल्याला आहे, केवळ तिचा हेतू बदलावयाचा आहे. १९५२ साली स्थापन झालेली श्री गोविंदराम सेकसरिया संस्था आणि देवी अहिल्या विश्वविद्यालय याच शहरात आहेत. तेथील विद्यार्थ्यांना कॉर्न, वेस्टली आणि फिलिप्स यांच्या तीन रचना देऊन त्या जुन्या युनिक्सवर, टर्बो सी-वर आणि आजच्या जीसीसी व क्लँगवर कंपाइल करावयास लावावे, आणि प्रत्येक ठिकाणचे उत्तर व त्याचे कारण लिहून घ्यावे. उत्तर चुकले तेथेच भाषेचा इतिहास उघडतो, आणि तो वाचता येणाऱ्या माणसाला प्रमाण म्हणजे काय, सवय म्हणजे काय आणि यंत्र म्हणजे काय, यांतील भेद पुन्हा कोणी शिकवावा लागत नाही.