मोफत आणि मुक्त : वाद्यनमुन्यांचे संग्रह व त्यांची वैध देवाणघेवाण

प्रस्तावना

वाद्य हाताशी नसताना वाद्याचा ध्वनी वापरावयाचा, ही संगणकावर संगीतरचना करणाऱ्याची पहिली गरज होय. ती भागविण्यासाठी जे साधन निर्माण झाले त्यास ‘सॅम्पल लायब्ररी’ हे नाव रूढ आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘नमुनासंग्रह’ हा शब्द योजला आहे. वादक वाद्याचा एकेक स्वर मंद, मध्यम आणि तीव्र अशा निरनिराळ्या जोराने वाजवितो. त्या प्रत्येक स्वराचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण होते आणि संगणकीय प्रणाली ती मुद्रणे कीबोर्डच्या पट्ट्यांना जोडून देते. व्यापारी संग्रहांच्या किमती आपल्याकडील विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात, त्यामुळे विनामूल्य संग्रहांचे कौतुक होणे स्वाभाविक आहे. मात्र हे कौतुक बहुधा किमतीपाशीच थांबते. विनामूल्य संग्रहाची खरी कसोटी तो फुकट मिळतो की नाही ही नसून, घेणाऱ्याला तो पुढे देता येतो की नाही ही आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ही कसोटी केवळ तात्त्विक नाही. पीअर-टु-पीअर पद्धतीच्या देवाणघेवाणीत ती प्रत्येक डाउनलोडच्या वेळी लागते.

घेणारा हाच देणारा

या संग्रहांचा आकार किती असतो हे प्रथम पाहावयास हवे. अलेक्झांडर होल्म यांनी सिद्ध केलेला ‘सॅलमँडर ग्रँड पियानो’ हा यामाहा सी-५ पियानोचा संग्रह आहे. त्यात पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी दर तिसरा अर्धस्वर, म्हणजे ३० स्वर, प्रत्येकी १६ तीव्रतांत मुद्रित केले आहेत. हे ४८० नमुने झाले. ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या दर्जाच्या द्विमार्गी मुद्रणास सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात. एका नमुन्याची लांबी सरासरी १५ सेकंद धरली, तरी एकूण आकार दोन गिगाबाइटच्या पुढे जातो. हा एकट्या पियानोचा हिशेब झाला. एखाद्या हौशी संग्राहकाने किंवा विद्यापीठाच्या विभागाने अशी फाइल एकाच सर्व्हरवर ठेवली आणि शेकडो लोकांनी ती मागितली, तर वाहतुकीचा सारा भार त्या देणाऱ्यावरच पडतो. संग्रह जितका लोकप्रिय, तितका दात्याचा खर्च अधिक, असा हा उफराटा न्याय आहे.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिटटोरंट या पद्धतीने तो उलटविला. फाइलचे लहान तुकडे केले जातात. ज्याच्याकडे जो तुकडा पोहोचला असेल तो त्याने इतरांना पुरवावयाचा आणि दुर्मीळ तुकड्यास अग्रक्रम द्यावयाचा, असा तिचा नियम आहे. मागणारे वाढले की पुरविणारेही वाढतात. लिनक्सच्या अनेक वितरणांनी ही पद्धत आरंभापासून वापरली. इंटरनेट आर्काइव्हने २०१२ मध्ये आपल्या दहा लाखांहून अधिक संचांसाठी टोरंट उपलब्ध करून दिले आणि स्वतःचे सर्व्हरही त्यांस जोडून ठेवले. तेव्हा इतर कोणी पुरवठादार उरला नाही तरी ते संच मिळत राहतात. असे पाठबळ नसलेले टोरंट मात्र शेवटचा पुरवठादार संगणक बंद करून निघून गेला की निरुपयोगी होते. या पद्धतीची ही खरी दुर्बलता आहे आणि तिचे गुणगान करणारे तिचा उल्लेख क्वचितच करतात.

येथे कायद्याचा मुद्दा उपस्थित होतो. सर्व्हरवरून फाइल उतरवून घेणारा केवळ ग्राहक असतो. टोरंटद्वारे घेणारा त्याच क्षणी वितरकही होतो. म्हणून ‘वापरा, पण पुढे देऊ नका’ असे सांगणारा परवाना या पद्धतीत टिकूच शकत नाही, कारण अशी फाइल टोरंटने घेणे म्हणजेच अटीचा भंग होय. उलट पुढे देण्याची स्पष्ट अनुज्ञा असेल, तर तीच पद्धत पूर्णतः वैध ठरते. आपल्या महाविद्यालयांतील संगणककक्षांत ‘टोरंट’ हा शब्दच अनेकदा निषिद्ध मानला जातो. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींचा अनुभव पाहता त्यामागील धास्ती समजण्यासारखी आहे. तथापि साधन आणि मजकूर यांची गल्लत त्यातून होते. वैधता ठरते ती परवान्यावर, आणि परवाना वाचण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावलेली नाही.

परवान्याच्या कसोटीवर काही संग्रह

या दृष्टीने आयोवा विद्यापीठाच्या संग्रहाचे स्थान पहिले मानावे लागते. त्या विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक संगीत विभागात लॉरेन्स फ्रिट्स यांच्या पुढाकाराने पाश्चात्त्य वृंदवाद्यांचे स्वर प्रतिध्वनिरहित कक्षात मुद्रित केले गेले आणि १९९७ पासून ते कोणत्याही निर्बंधाविना उपलब्ध आहेत. कानाला ते कोरडे वाटतात. सभागृहाची आस नसल्याने बासरीसुद्धा प्रयोगशाळेतील वस्तूसारखी ऐकू येते. परंतु हा कोरडेपणा सहेतुक आहे. अवकाशाचा परिणाम रचनाकाराने मागाहून भरावा आणि ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास शुद्ध द्रव्य मिळावे, ही त्यामागील भूमिका शैक्षणिक संस्थेस शोभणारी आहे. निर्बंध नसल्याने त्यातील नमुने पुढे अनेक संग्रहांत शिरले.

लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचा संग्रह याहून वेगळा आहे. व्यावसायिक वादकांच्या हातचे हे स्वर कोणत्याही रचनेत, अगदी विक्रीसाठीच्या रचनेतही, वापरण्यास मुभा आहे. अट एकच : नमुने जसेच्या तसे, अथवा नमुना-वाद्याच्या रूपात, विकावयाचे वा उपलब्ध करून द्यावयाचे नाहीत. रचनाकाराच्या दृष्टीने ही अट जाचक नाही, आणि संस्थेला आपल्या द्रव्यावर नियंत्रण ठेवावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. परंतु प्रस्तुत कसोटीवर हा संग्रह मोफत ठरतो, मुक्त ठरत नाही. त्याचे टोरंट एखाद्या अध्यापकाने सद्भावनेने केले, तरी ते वैध होणार नाही.

मात्तियास वेस्टलुंड यांच्या ‘सोनातिना सिंफॉनिक ऑर्केस्ट्रा’चे उदाहरण अधिक बोधक आहे. सुमारे अर्ध्या गिगाबाइटचा हा संग्रह इतरत्र मोफत मिळणाऱ्या नमुन्यांतून जुळविलेला आहे. बहुतेक वाद्यांना तीव्रतेची एकच पायरी असल्याने त्यावर वाजविलेला वृंद सपाट वाटतो आणि निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या मुद्रणांचे सांधेही कानाला जाणवतात. तरीही एका व्यक्तीने संपूर्ण वृंद सर्वांच्या हाती ठेवला हे त्याचे मोल कमी होत नाही. अडचण निर्माण झाली ती परवान्याची. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सॅम्पलिंग प्लस’ हा परवाना त्यास लावला होता. अंश घेऊन नवी कृती करण्यास तो मुभा देतो, मात्र संपूर्ण संग्रहाचे व्यापारी वितरण आणि जाहिरातीतील वापर यांस मनाई करतो. हा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सनेच २०११ मध्ये नव्या कृतींसाठी मागे घेतला. ज्यांच्या प्रती कोणीही विकू शकेल अशा मुक्त आज्ञावल्यांच्या मालिकेत सोनातिना त्यामुळे बसू शकला नाही. ध्वनीतील उणीव दुसऱ्याला दुरुस्त करता येते. परवान्यातील उणीव मात्र मूळ दात्यावाचून कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

व्हर्सिलियन स्टुडिओजच्या ‘व्हीएससीओ-२ कम्युनिटी एडिशन’ने या अनुभवाच्या दुसऱ्या टोकाचा मार्ग पत्करला. सीसी-झिरो या घोषणेद्वारे सर्व हक्क सोडून देण्यात आले. सोनातिना, व्हीएससीओ-२ आणि आयोवा यांतील नमुने निवडून, सुरात आणून ‘व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा’ हा संग्रह पुढे सिद्ध झाला. त्यात आधीच्या कित्येक दोषांचे परिमार्जन झालेले ऐकू येते. पुढे देण्याचा आणि बदलण्याचा हक्क दिल्याने ध्वनीची गुणवत्ता वाढते, याचा हा श्रवणगोचर पुरावा होय.

एका मर्यादेची नोंद येथेच करावी लागते. बिटटोरंटमध्ये प्रत्येक तुकड्याची संकेतमुद्रा तपासली जाते, त्यामुळे आलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळते याची खात्री होते. देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार होता की नव्हता, याविषयी मात्र ती मुद्रा मूक असते. साउंडफाँट या प्रकारातील अनेक जुन्या संचांत व्यापारी ध्वनियंत्रांतून उचललेले स्वर ‘मोफत’ म्हणून फिरत राहिले, ते याच मौनामुळे. ज्याचे उगमस्थान लिहिलेले नाही असा संग्रह, कितीही सुरेल असला तरी, महाविद्यालयाने वितरित करू नये असे माझे मत आहे.

आपली वाद्ये आणि ‘नमुना’ ही कल्पना

वर उल्लेखिलेल्या वृंदसंग्रहांत तानपुरा, सारंगी, सनई नाहीत. असणे अपेक्षितही नाही. परंतु ती केवळ मुद्रित करून भरावयाची रिकामी जागा आहे असे समजणे घाईचे होईल. नमुनासंग्रहाची सारी रचना १९८३ मध्ये प्रस्थापित झालेल्या मिडी या संकेतावर उभी आहे. त्यात स्वर म्हणजे ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक, आणि जोर म्हणजे तशीच दुसरी संख्या. सलग स्वर वाकविण्याची सोय आहे, पण ती पुरवणीसारखी. पियानोस हा आराखडा सहज बसतो. सारंगीतील मींड दोन नमुन्यांच्या मध्ये असते आणि नेमके तेच या आराखड्यात मुद्रित होत नाही. पेटीविषयी आपल्याकडे झालेला वाद येथे आठवल्याशिवाय राहत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये शिथिल झाली. त्या वादाच्या मुळाशी पट्टीत बंदिस्त झालेला स्वर हाच आक्षेप होता. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्याच पट्ट्यांतून काय साधले हे लक्षात घेता तो आक्षेप अंतिम मानता येत नाही, हेही तितकेच खरे.

तबल्याचे बोल सुटे आघात असल्याने या पद्धतीस बरेचसे मानवतात. ‘धा’ हा ‘ना’ आणि ‘गे’ यांच्या संयोगाने जुळविताही येतो. डग्ग्यावरील घिस्सा मात्र निसटतो. तानपुऱ्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. मिरजेच्या तानपुऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तानपुऱ्याचे वैशिष्ट्य जवारीत आहे आणि जवारी दोरा सरकवून त्या त्या षड्जासाठी साधली जाते. काळी एकमध्ये मुद्रित केलेली छेड संगणकाने काळी चारवर नेली, तर स्वर चढतो पण त्याबरोबर जवारीचा रंगही ओढला जातो आणि ध्वनी चिरका होतो. शिवाय एका तारेची आस पुढच्या छेडीत मिसळलेली असते. सुट्या छेडी जोडून ती मिळत नाही आणि सलग आवर्तन मुद्रित केले तर लय बदलता येत नाही. तेव्हा प्रत्येक पट्टीसाठी जवारी नव्याने लावून स्वतंत्र मुद्रण करणे एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. हे काम वाद्य लावणारा कारागीर शेजारी बसल्याखेरीज होणार नाही.

असे मुद्रण एखाद्या महाविद्यालयाच्या संगीत विभागाने हाती घेतले, तर भारतीय कायद्याची बाजू आधी निश्चित करावी लागेल. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. वादकाचे नाव त्या व्याख्येत येत नाही. एका सेकंदाची छेड हेही ध्वनिमुद्रणच होय, आणि तिचा प्रताधिकार ६० वर्षे टिकतो. वादकाचा प्रयोगाधिकार निराळा असून त्याची मुदत ५० वर्षांची आहे. म्हणजे विभागाने आपला हक्क सोडला तरी वादकाचा हक्क आपोआप सुटत नाही. कलम २१ अन्वये कर्त्याला आपले हक्क सोडून देता येतात आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते जाहीर सूचनेद्वारेही करता येते. वादकाकडून मात्र लेखी संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागेल, आणि मुद्रणे कोणालाही पुढे देता येतील, बदलता येतील व विकताही येतील हे तीत त्याला समजेल अशा भाषेत लिहिलेले असावयास हवे. गुरूने शिष्याला दिलेल्या विद्येप्रमाणे ही गोष्ट घरातल्या घरात राहणार नाही, हे ऐकून एखादा बुजुर्ग कलावंत नकार देईल. तो नकार मान्य करावा आणि त्याचे मुद्रण करू नये. जो होकार देईल त्याच्या नावाची, वाद्याच्या कारागिराची, पट्टीची आणि मुद्रणाच्या तारखेची नोंद असलेली साधी मजकूर-फाइल संग्रहाच्या त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे टोरंटच्या प्रत्येक प्रतीबरोबर ती आपोआप प्रवास करील.