अंत्यविधीतील मार्थेची तक्रार

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आदेशानुसार १९६९ साली अंत्यविधीचा नवा ग्रंथ सिद्ध झाला. न्यायदिनाच्या भयाचे जुने लॅटिन स्तोत्र मिस्सेतून वगळले गेले, वाचनांचे भांडार खुले झाले. ग्रंथाचे खरे सामर्थ्य आम्हांस या भांडारात दिसते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात दफन बहुधा दुसऱ्याच दिवशी होते. शोकाकुल घराला निवडीसाठी जेमतेम एक संध्याकाळ लाभते.

ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय लोकप्रिय आहे, सुंदरही आहे. परंतु अकाली मरणाच्या घरी त्याचे सांत्वन फार लवकर येते. तेथे आम्ही योहानाचा अकरावा अध्याय पुढे ठेवतो. प्रभू वेळेवर आला असता तर भाऊ वाचला असता, ही मार्थेची तक्रार त्या घरात आधीच उच्चारली गेलेली असते. येशू तिला गप्प करीत नाही. पुनरुत्थानाची आपली सर्वांत मोठी ग्वाही तो तिलाच देतो, आणि पुढे स्वतःही रडतो.

प्रवचनात मृताचे गुणगान नको, हा नियम अनेकांना खटकतो. आम्हांस तो उपकारक वाटतो. स्तुती सुरू झाली की मृतासाठी प्रार्थना करावयाची राहून जाते. आठवणींना आदल्या रात्रीची जागरणप्रार्थना आहे. तेथे त्या मोकळेपणाने, हसूसुद्धा येऊ देत, सांगाव्यात.