ओशोग्बोची देवराई आणि परंपरेचे जतन

नायजेरियातील ओशोग्बो येथील ओशुन देवीची देवराई २००५ मध्ये जागतिक वारसा ठरली. तेथे नेमके कशाचे जतन झाले, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. १९५० मध्ये नायजेरियात आलेल्या ऑस्ट्रियन चित्रकर्त्री सुझान वेंगर यांनी स्थानिक कारागिरांसह उभारलेली सिमेंटची शिल्पे जुन्या योरुबा काष्ठशिल्पाहून अगदी निराळी आहेत. काष्ठमूर्तीचा समतोल, तिची समोर रोखलेली शांत दृष्टी येथे नाही. अवयव ताणलेले, फाकलेले, जणू भोवतालच्या वृक्षांशी स्पर्धा करणारे. सबब ही परंपरा नव्हे, असा आक्षेप संभवतो. रूपापुरता तो खरा आहे. तथापि वाळवीने खाल्लेल्या मूर्तीच्या जागी नवी घडविणे हीच योरुबा मूर्तिकाराची रीत होती. जीर्ण लाकूड सांभाळणे हा संग्रहालयांचा धर्म! शिवाय या शिल्पांमुळे वृक्षतोडीस व अतिक्रमणास आळा बसला, आणि देवीचा ऑगस्टमधील उत्सव आपल्या मूळ स्थानी चालू राहिला. प्रशंसकांचे विवेचन उणे पडते ते अन्यत्र: मूळचे गवंडी असलेले अदेबिसी अकांजी यांच्यासारख्या सहकाऱ्यांचे कर्तृत्व ते वेंगरबाईंच्या नावावर जमा करतात.