‘परतावा’, ‘जोखीम’ आणि ‘ठेव’ : गृहस्थाच्या अर्थव्यवहारातील मराठीची चिकित्सा

घरखर्चातून उरलेल्या पैशाचे काय करावे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा मानला जातो. काही अंशी तो शब्दार्थाचाही आहे. बँका, विमा कंपन्या व म्युच्युअल फंड यांची माहितीपत्रके आता मराठीतून मिळतात, ही इष्ट गोष्ट होय. परंतु ही मराठी बहुतांशी इंग्रजी मजकुराच्या अनुवादातून आलेली आहे, आणि बचत करणाऱ्याला जे आधी कळावयास हवे तेच तिच्यातील काही शब्द झाकून ठेवतात. आक्षेप शब्दांच्या परकेपणाविषयी नाही. जमा, खर्च, हिशेब, बाकी, मुदत हे घरोघरचे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. राज्यव्यवहारकोशाने शिवकाळी त्या वर्गातील शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले, तरी कीर्दखतावणीत टिकला तो जमाखर्चच. आक्षेप आहे तो अर्थाच्या सरमिसळीविषयी.

‘परतावा’ हा शब्द प्रथम घ्यावा. ‘परतणे’ म्हणजे गेलेली वस्तू किंवा व्यक्ती मूळ ठिकाणी येणे. जास्त भरलेला कर परत मिळतो त्यास ‘कर परतावा’ म्हणतात, ते या अर्थाशी सुसंगतच आहे. गुंतवणुकीच्या संदर्भात मात्र हाच शब्द उत्पन्नासाठी, म्हणजे मुद्दलावर जे अधिक मिळेल त्यासाठी योजला जातो. ‘बारा टक्के परतावा’ असे वाचणाऱ्याच्या मनात त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी उमटतात : दिलेले परत येणार, आणि वर बारा टक्के मिळणार. यांपैकी पहिली गोष्ट वाक्यात कोठेही सांगितलेली नसते. ती केवळ धातूच्या अर्थातून आलेली असते.

जुन्या व्यवहारात ही गल्लत होण्याचे कारण नव्हते. मुद्दल आणि व्याज ही एक जोडी, भांडवल आणि नफा ही दुसरी. व्याज आधी ठरते. नफा होतो किंवा होत नाही. (संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त वा कपट, ‘निर्व्याज’ या शब्दात तो अर्थ अजून उरला आहे, पण सावकाराच्या वहीत त्याची आठवण कोणास होत नाही.) शिवाय ‘नफा’ म्हणताच ‘तोटा’ जिभेवर येतो. ‘परताव्या’ला असा विरोधी शब्दच नाही. ‘उणे परतावा’ किंवा ‘ऋणात्मक परतावा’ ही कोशातली जुळणी झाली. ती कोणा गृहिणीच्या बोलण्यात आलेली ऐकिवात नाही. ज्या शब्दाला विरोधी शब्द नाही, तो ऐकताना विरोधी शक्यताही सुचत नाही. ‘सरासरी परतावा’ या प्रयोगाने तर गोंधळ आणखी वाढतो. १०० रुपये एका वर्षी ५० टक्क्यांनी वाढले आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्क्यांनी घटले, तर साधी सरासरी शून्य येते. हातात मात्र ७५ रुपये राहतात.

दुसरा शब्द ‘जोखीम’. कोशकारांनी त्याचा संबंध ‘योगक्षेम’ या शब्दाशी जोडला आहे. जे नाही ते मिळविणे हा योग, आणि जे आहे ते राखणे हा क्षेम. घरच्या पैशाची दोन्ही कामे त्या एका समासात आली आहेत, आणि आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधवाक्यासाठी तो शब्द निवडला हे यथार्थच आहे. पण म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींतील इशारा, गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते असे सांगतो, तेव्हा ‘अधीन’ हा शब्द इंग्रजी वाक्यरचनेची छाया म्हणून येतो. मराठीत मनुष्य दैवाच्या अधीन असतो, व्यसनाधीन होतो. पैसा जोखमीच्या अधीन असतो म्हणजे नेमके काय होते? ‘मुद्दलातही घट येऊ शकते’ हे चार शब्द तेथे पुरेसे होते. ‘बुडणे’ हा घरगुती शब्द येथे अतिव्याप्त ठरेल, ही हरकत मान्य करावी लागते, कारण भाव घसरणे म्हणजे पैसे बुडणे नव्हे. तरीही एक गोष्ट खटकतेच. बँकेने दिलेले कर्ज वसूल झाले नाही की तिचे अहवाल सरळ ‘बुडीत कर्ज’ म्हणतात. गृहस्थाचे नुकसान झाले की त्याला ‘चढउतार’ असे सौम्य नाव मिळते.

सर्वांत अधिक सावधगिरी ‘ठेव’ या शब्दाविषयी हवी, कारण तो अस्सल आणि विश्वासाचा आहे. ठेवलेली वस्तू मागताच जशीच्या तशी मिळावी, ही अपेक्षा त्याच्या अर्थातच आहे. ‘गुंतवणूक’ या शब्दात उलट ‘गुंतणे’ आहे. गुंतलेली वस्तू सुटायला वेळ लागतो, आणि ‘पैसे गुंतून पडले’ हा वाक्प्रचार तेच सांगतो. हा भेद पुसला गेला की काय होते, हे युनिट ट्रस्टच्या १९६४ साली निघालेल्या पहिल्या योजनेने दाखविले. असंख्य मध्यमवर्गीयांनी तिची युनिटे ठेवीच्या भावनेने घेतली होती. वस्तुतः त्यांतील पैशाचा मोठा भाग शेअरबाजारात होता. जुलै २००१ मध्ये युनिटांची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, तेव्हा ठेव समजलेली रक्कम शब्दशः गुंतून पडली.

आजही ‘मुदत ठेव’ हे एकच नाव दोन भिन्न वस्तूंना लावले जाते. व्यापारी बँकेतील किंवा नागरी सहकारी बँकेतील ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून, दर बँकेमागे दर ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे; त्यापूर्वी ही मर्यादा १ लाख होती. सहकारी पतसंस्थेतील ठेव या विम्याच्या कक्षेत येत नाही. तिच्यावर व्याजाचा दर अनेकदा अधिक असतो, पण त्या अधिकाचे कारण पावतीवरच्या नावात दिसत नाही. दोन्ही पावत्या कपाटाच्या एकाच कप्प्यात असतात, आणि दोहोंवर छापलेले असते ‘मुदत ठेव’.